रिकाम्या पोटाची लाट

लातूरच्या डॉ. गंगाधर टेकाळे यांनी मी बनवलेला पट्टा रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातल्या पिठाच्या पोत्याला बांधला, आणि पट्ट्यानं पोत्याला कोरोना झाल्याचं सांगितलं.

"लाल दिवा लागलाय, मॅडम," ते फोनवर म्हणाले. "पेशंटला ताप नाही, खोकला नाही. जेवण मात्र बंद आहे. भरती करून घेऊ का?"

त्यांच्या मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. मी विचारलं, "आणि माणसांचं काय?"

"माणसांचं तेच. मी लाल, सिस्टर लाल, वॉचमन लाल. सकाळपासून एकाही पोटावर हिरवा दिवा लागलेला नाही. तुमच्या हिशेबानं अख्खं लातूर आजारी आहे."

"मिरजेत तो चुकत नाही हो."

"मग मिरजेलाच ठेवा की." मग त्यांचा आवाज जरा खाली आला. "हे बघा, पट्ट्याला मान्यता द्यायची समिती पुढच्या आठवड्यात बसतेय. पट्टा चालावा असं मलाही वाटतं. माझ्या वॉर्डात रोज दोन-तीन माणसं येतायत, आणि सगळी उशिरा येतायत. पण मी खोटं लिहिणार नाही."

"लिहूही नका," मी म्हणाले.

फोन ठेवला तेव्हा खालच्या कारखान्यातून तंबोऱ्याचा आवाज येत होता. आमचं घर मिरजेत, तंबोरे बनवणाऱ्यांच्या गल्लीत आहे. खाली कारखाना, वर आम्ही. आम्ही म्हणजे आता आई आणि मी.

कोरोना म्हटलं की लोकांना अजूनही छाती आठवते. श्वास, ऑक्सिजन, नाकात घातलेली काडी. पण त्या विषाणूला पेशीत शिरण्यासाठी ज्या कडीला धरावं लागतं, ती कडी आपल्या लहान आतड्याच्या अस्तरावर खच्चून भरलेली असते. पहिल्या साथीतही कितीतरी रोग्यांना मळमळ, जुलाब, अन्नावरची वासना जाणं हे सगळं झालं होतं. काहींच्या नाकातून विषाणू गेल्यावरही तो आतड्यात टिकून होता. तेव्हा छातीपुढे पोटाकडे बघायला कुणाला सवड नव्हती. आता आलेला नवा प्रकार छातीच्या वाटेला जातच नाही. तो थेट आतड्यात उतरतो. लोकांनी त्याला 'पोट्या' असं नाव ठेवलंय. नाव गमतीचं आहे, पण तो गमतीचा नाही. तीच कडी अन्नातली काही सत्त्वं आत ओढून घ्यायलाही लागते. विषाणूनं कड्या अडवल्या की माणूस जेवतो, पण जेवलेलं अंगी लागत नाही. अस्तर झडत जातं. शौचाच्या तपासणीत विषाणू सापडेपर्यंत निम्मी पडझड झालेली असते, आणि औषध उपयोगी पडतं ते त्याच्या आधी.

माझे वडील, भूपाल चौगुले, तंबोऱ्याचे कारागीर, या आजाराच्या अगदी पहिल्या रोग्यांपैकी. मी त्यांना आप्पा म्हणत असे. त्यांना खोकला नव्हता. "पोट जड झालंय," एवढंच म्हणाले. ओवा आणि सैंधव खाल्लं. नाकाची तपासणी स्वच्छ आली. आजाराचं नाव कळलं तेव्हा ते पंच्यावर मावतील इतके बारीक झाले होते. याहून जास्त मला लिहायचं नाही.

मी सांगलीच्या कॉलेजात मोजमापाची यंत्रं शिकवते. आप्पा आजारी पडण्याच्या आधीपासून मी पोटातले आवाज मोजत होते. कापडी पट्टा, त्यात बसवलेले बारीक माइक, आणि आवाज ऐकून निर्णय देणारा एक छोटा संगणक. कल्पना सरळ होती: आतडं हा हलणारा अवयव आहे, हलतो म्हणून वाजतो, आणि आजारी पडल्यावर वेगळा वाजत असणार. आप्पा गेल्यावर माझं दुसरं कुठलं काम राहिलं नाही. आजार नुसतं अजीर्ण वाटत असताना तो ओळखायचा. ओवा खायच्या वेळेला.

आणि आता पट्टा पिठाच्या पोत्याला आजारी म्हणत होता.

*

त्याच संध्याकाळी आईनं भाकरीचं ताट बाजूला सारलं. आम्ही जैन, घरात सूर्य मावळल्यावर कुणी खात नाही. उन्हं भिंतीवरून उतरत होती आणि ताट तसंच होतं.

"आई, दोन घास तरी घे. आता उद्या सकाळपर्यंत काही नाही."

"नको गं. पोट जड झालंय."

मी हातातला तांब्या खाली ठेवला.

"काय झालं अशी बघायला?" आई म्हणाली. "दुपारी ताकभात खाल्ला की."

"चमचाभर."

"माझे चमचे मोजायला लागलीस व्हय? इंजिनेर झालीस म्हणून काय सगळंच मोजणार?" तिनं पदराआडून पट्टा दाखवला. तो ती गल्लीतल्या इतर बायकांसारखी दिवसभर बांधून असायची, एखादा दागिना घालावा तशी. "हे बघ. सकाळी हिरवा होता. तुझाच पट्टा सांगतोय मी धडधाकट आहे."

आमच्या डॉक्टर आवटींनी दुसऱ्या दिवशी तिची तपासणी करून घेतली. नाक स्वच्छ. शौच स्वच्छ. "पण याला अर्थ नाही हे तुला माहीत आहे," ते मला म्हणाले. "सुरुवातीला सगळं स्वच्छच येतं."

"मग औषध सुरू करू या."

"आणि आजार नसला तर? ते औषध मूत्रपिंडाला भारी आहे. सुलोचनाबाईंचं एक मूत्रपिंड आधीच दुबळं. आजार असेल तर मी धोका पत्करीन. नुसत्या शंकेवर नाही पत्करणार. तुझा पट्टा काय म्हणतो?"

"हिरवा."

"मग थांबू या," ते म्हणाले.

मी त्यांना पोत्याची गोष्ट सांगितली. ते हसले नाहीत. चष्मा काढून पुसत राहिले.

*

सकाळी कारखान्यात कादरचाचा जवारी काढत बसले होते. कादरचाचा आणि आप्पा यांनी तरुणपणापासून एकाच कारखान्यात काम केलं. तंबोऱ्याच्या तारा ज्या हाडाच्या पट्टीवरून जातात तिला घोडी म्हणतात. ती घासून घासून अशी करायची, की तार तिच्यावर नुसती टेकू नये, गुणगुणावी. तारेखाली सुती दोरा सरकवायचा, छेडायचं, ऐकायचं, पुन्हा कानस. हेच काम दिवसभर. त्यामुळे आमच्या गल्लीत तंबोरा वाजत नाही अशी वेळ विरळाच.

आई कोपऱ्यातल्या पाटावर बसून तारांची भेंडोळी सोडवत होती. पट्ट्यावर हिरवा दिवा होता.

"वैनी, चेहरा उतरलाय," कादरचाचा म्हणाले.

"तुमचा कधी चढला होता?"

"भूपाल असता तर त्यानं माझी बाजू घेतली असती." त्यांनी तंबोरा मांडीवरून उतरवला आणि चहाच्या कपाकडे हात नेला. गल्लीत दुसरीकडेही शांत होतं. सगळीकडे चहाचीच वेळ होती.

आईच्या पोटावरचा दिवा लाल झाला.

मी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर होते. तिघांनीही तो एकदमच पाहिला. मग कादरचाचांनी घाबरून कप ठेवला आणि, हातांना दुसरं काही सुचलं नाही म्हणून, तारा छेडल्या. दिवा हिरवा झाला.

"थांबवा," मी म्हणाले.

लाल.

"वाजवा."

हिरवा.

"या खुदा," कादरचाचा म्हणाले. "चंदना, माझ्या तंबोऱ्यात औषध आहे काय गं?"

मी आईचा पट्टा सोडला आणि भिंतीशी ठेवलेल्या एका कोऱ्या भोपळ्याला बांधला. पंढरपूरकडचा, वाळवलेला, आतून पोकळ. तंबोरा वाजत असताना भोपळा निरोगी होता. थांबवल्यावर तो आजारी पडला.

मला हसू आलं. खूप दिवसांनी आलं आणि आवरेना. पायरीवर बसून मी हसत होते आणि आई माझ्याकडे काळजीनं बघत होती.

चूक समजायला अवघड नाही. अशा यंत्राला आपण नियम शिकवत नाही, नमुने दाखवतो. ही निरोगी पोटं, ही आजारी पोटं, आता फरक तूच शोध. निरोगी नमुने मी आमच्या गल्लीत घेतले होते. आप्पांची मुलगी मागतेय म्हटल्यावर कारागीर, त्यांच्या बायका, समोरचे शिंपी, सगळे आपापल्या जागी बसून पट्टा बांधून घ्यायचे. आजारी नमुने रुग्णालयातले. हवेतला आवाज मी गाळून काढला होता. पण तंबोऱ्याचा कंप जमिनीतून पाटात, पाटातून हाडात आणि हाडातून पोटात उतरतो. तो राहून गेला. यंत्रानं सर्वांत सोपा फरक उचलला. जिथे तंबोरा, तिथे तब्येत चांगली. आतड्याकडे त्यानं ढुंकूनही पाहिलं नव्हतं. ही चूक जगाच्या पाठीवर फक्त मिरजेत होऊ शकली असती.

"म्हणजे," आई हळूच म्हणाली, "मला काय झालंय ते त्याला माहीतच नाही."

"नाही."

"आणि तुला?"

"मलाही नाही."

तिनं हातातलं भेंडोळं बाजूला ठेवलं. "मग शोध की. तुझ्या आप्पांनी रोज सकाळी तो पट्टा कशासाठी बांधला होता?"

आप्पा माझे पहिले स्वयंसेवक होते. पट्टा तेव्हा निर्णय देत नव्हता, फक्त ऐकत होता. थंडीच्या सुरुवातीपासून ते रोज सकाळी, काहीही खाण्याआधी, तो बांधून जवारीला बसायचे. निरोगी असताना बसले. मग आजारी झाल्यावरही, बसवत होतं तोवर बसले. ते निरोगी की आजारी, हे त्या वेळी कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून त्यांचे आवाज मी कुठल्याच गटात घातले नव्हते. नंतर घालता आले असते. ते उघडले नाहीत, एवढंच.

"मी ते ऐकलेले नाहीत, आई."

"ठाऊक आहे मला. मी तरी कुठं ऐकलेत? आता दोघी ऐकू."

कादरचाचा उठायला लागले. "मी बाहेर थांबतो."

"बसा हो," आई म्हणाली. "तुमची बडबड पण असणार त्यात."

*

होती. पहिल्याच आवाजात आप्पा म्हणत होते, "चालू झालं काय हे? चंदना म्हणाली दिवा लुकलुकला की चालू." मग कानस. मग तार. मग पोटातून एक लांब गुरगुर, आणि कादरचाचांचा तरुण वाटावा असा आवाज: "भूपाल, तुझं पोट गातंय."

"गाऊ दे. सुरात आहे का ते सांग."

"पंचम जरा उतरलाय."

कादरचाचांनी तोंडावर उपरणं धरलं. आई ताठ बसून ऐकत होती. मी पडद्यावरच्या रेषांकडे बघत राहिले. बघायला काहीतरी होतं हे बरं होतं.

त्या आवाजांचं मोल काय ते माझ्या लक्षात येत होतं. माणूस एक, खोली एक, पाट एक, तंबोरा एक. बदललं ते फक्त पोट. निरोगी सकाळी आणि आजारी सकाळी एकमेकींतून वजा केल्या, तर तंबोरा आपोआप गळून पडेल. कानस गळून पडेल. उरेल तो आजार. आणि दुसरी गोष्ट: आप्पांचं पोट सूर्यास्तापासून रिकामं असायचं.

रिकामं आतडं स्वस्थ नसतं. काही तास अन्न मिळालं नाही, की जठरातून एक जोरकस लाट निघते आणि लहान आतड्याच्या टोकापर्यंत सावकाश सरकत जाते. झाडलोट केल्यासारखी. उरलंसुरलं, मेलेल्या पेशी, नको तिथे वाढलेले जंतू, सगळं पुढे लोटते. दीड-दोन तासांनी पुन्हा दुसरी. खाल्लं की थांबते. आपण ज्याला पोटात कावळे ओरडणं म्हणतो, ते बऱ्याचदा या लाटेचंच सुरू होणं असतं. रुग्णालयात सलाइन, चहा, बिस्किटं चालूच असतात. तिथे ही लाट सलग क्वचितच ऐकू येते. आप्पांच्या सकाळींमध्ये ती लख्ख होती. वरच्या माइकपाशी सुरू व्हायची, एकेका माइकवरून जायची, उजव्या कमरेपाशी विरायची.

आणि मग एका सकाळी ती विरली नाही. तुटली. निम्म्या वाटेवर गेली, अडखळली, मागे वळल्यासारखी झाली आणि नाहीशी झाली. पुढच्या सकाळी पुन्हा तसंच. अस्तराखालच्या मज्जातंतूंना सूज आली होती. लाटेला पुढची वाट सापडत नव्हती.

त्या सकाळच्या आवाजात आप्पा शीळ घालत होते. त्यांना काहीही होत नव्हतं. "आज ताक नको गं, सुलू," हे वाक्य फार पुढच्या आवाजात आलं.

आईनं डोळे पुसले नाहीत, कारण ते कोरडे होते. तिनं एवढंच विचारलं, "त्यांना कळायच्या आधी त्यांच्या पोटाला कळलं होतं?"

"हो."

"आणि औषध तेव्हा दिलं असतं तर?"

"तेव्हा औषधच नव्हतं, आई. ते नंतर आलं."

तिनं पदर सारखा केला. मग म्हणाली, "आता आहे न्हवं? मग माझं बघ."

एका माणसावरून शास्त्र होत नाही. कुठे बघायचं एवढं कळतं. ती तुटकी लाट मी रुग्णालयातल्या जुन्या नमुन्यांत शोधली. जिथे जिथे रोगी पुरेसा वेळ उपाशी होता, तिथे ती सापडली. मग गल्लीतल्या निरोगी नमुन्यांत तंबोऱ्याखाली दबलेली लाट शोधली. ती प्रत्येकाची अखंड होती. समोरच्या शिंप्यांची तर इतकी खणखणीत, की कादरचाचा म्हणाले, "उगाच नाही तो दुपारी बारालाच डबा उघडत."

मग आईनं अनशापोटी पट्टा बांधला. सबंध गल्लीतले तंबोरे कादरचाचांनी बंद ठेवायला लावले. कारागीर दारात उभे राहिले. आमच्या गल्लीत इतकं शांत मी कधी ऐकलं नव्हतं. आप्पांना नेलं त्या दिवशीही कुठेतरी एक तार वाजत होती.

लाट सुरू झाली. एक माइक, दुसरा, तिसरा. चौथ्याच्या अलीकडे ती अडखळली.

मी डॉ. आवटींना बोलावून घेतलं. त्यांनी आप्पांची रेषा पाहिली, आईची पाहिली. ते आप्पांचेही डॉक्टर होते. दोन्ही रेषा एकमेकींवर ठेवून बराच वेळ बघत राहिले.

"शौच अजून स्वच्छ आहे," ते म्हणाले. ते मला सांगत नव्हते, स्वतःशीच बोलत होते.

"आप्पांचंही या वेळेला स्वच्छच आलं असतं."

आई म्हणाली, "डॉक्टर, मी याच्यावर विश्वास ठेवते. तुम्ही मूत्रपिंड सांभाळा, बाकी हिनं शोधलंय."

औषध त्याच दिवशी सुरू झालं. आवटी सकाळ-संध्याकाळ येऊन तिची लघवी आणि रक्त बघत होते. आणि आठवड्याच्या शेवटी, तिला ताकाचा वास पुन्हा बरा वाटायला लागला त्या सुमारास, शौचाच्या तपासणीत विषाणू सापडल्याचा निरोप आला. आवटींनी तो मला फोनवर वाचून दाखवला. मोठ्यांदा, दोनदा.

"पोरी," ते म्हणाले, "तपासणीला आत्ता कळलंय. आणि आपलं औषध निम्मं संपलंय."

*

लाटच ऐकायला शिकवलेला नवा पट्टा मी स्वतः लातूरला घेऊन गेले. समितीची बैठक टेकाळ्यांनी पुढे ढकलून घेतली होती. कशी, ते त्यांनी सांगितलं नाही. वॉर्डाबाहेर रात्रभर उपाशी राहिलेल्या माणसांची रांग होती, आणि रांगेच्या तोंडाशी, स्टुलावर, तेच पिठाचं पोतं.

"आधी जुना पेशंट," टेकाळे म्हणाले.

पट्टा बांधला. लाल नाही, हिरवा नाही. पडद्यावर अक्षरं उमटली: आतडं आढळलं नाही.

सिस्टर टाळ्या वाजवायला लागल्या. टेकाळ्यांनी पोत्याच्या खांद्यावर थाप मारली. "घरी जा बाबा. सुट्टी तुला."

मग माणसं. बहुतेक हिरवी. काही लाल, आणि त्या प्रत्येकाला टेकाळ्यांनी बाजूला बसवून घेतलं. त्यात एक ऊसतोडणीवाली बाई होती. तिला काहीच होत नव्हतं. सोबत आलेल्या नवऱ्याचं पोट बिघडलं होतं म्हणून ती रांगेत उभी राहिली होती. नवरा हिरवा, ती लाल. ती भांडायला उठली, "अहो, दुखतंय यांचं!" टेकाळे तिला म्हणाले, "यांनी काल भजी खाल्लीत. तू बस." आठवडाभरानंतर सगळ्या लाल माणसांच्या तपासण्यांत विषाणू सापडला. त्या बाईच्याही. तोवर तिचं निम्मं औषध संपलं होतं आणि ती कामावर जायची घाई करत होती.

समितीसमोर टेकाळे फक्त एक वाक्य बोलले: "माझ्या वॉर्डात आता लोक चालत येतात आणि चालत जातात."

पुढच्या हिवाळ्यात पोट्या पुन्हा आला. गावोगावी आशाताई पहाटे पट्टे घेऊन घरात शिरल्या. चहाच्या आधी, न्याहारीच्या आधी. साथ आली, आणि माणसं आजारी पडली, बरी झाली, शेतात आणि दुकानांत परत गेली. टेकाळ्यांचा फोन आला तेव्हा मला वाटलं काहीतरी बिघडलं. ते म्हणाले, "काही नाही. वॉर्ड रिकामा आहे. कुणाशी बोलावं म्हणून केला."

पट्टे बनवणाऱ्या कारखान्यातून निघणारा प्रत्येक पट्टा आधी एका ओळखीच्या लाटेशी ताडून पाहावा लागतो. ऐकायला येतं की नाही याची खात्री म्हणून. कोणती लाट वापरायची असं मला विचारलं, तेव्हा मी आप्पांची एक निरोगी सकाळ दिली. ज्या पट्ट्याला आप्पांची भूक ऐकू येत नाही, तो बाहेर पडत नाही.

काल सकाळी मी खाली उतरले तर आई पाटावर बसली होती, पट्टा बांधून. कादरचाचा जवारी लावत होते.

"कादरभाई, जरा थांबवा हो," आई म्हणाली. पट्टा आता तंबोऱ्याला फसत नाही हे तिला मी कितीदा तरी सांगितलंय. ती तरीही थांबवायला लावते.

कादरचाचांनी तारांवर हात ठेवला. कारखाना शांत झाला. आणि आईच्या पोटातून अशी लांबलचक, दणदणीत गुरगुर निघाली, की कोपऱ्यातल्या कोऱ्या भोपळ्यातही ती घुमली.

दिवा हिरवा झाला.

"वैनी," कादरचाचा म्हणाले, "पंचम अगदी बरोबर लागलाय."

"पंचम राहू दे तुमचा," आई पट्टा सोडत म्हणाली. "चंदना, भाकऱ्या टाक. आज मला चार लागणार."